चढावरचे खाने

"हेल्मेट काढा की, काका. मला मागं बसायचंय."

दस्तगीरनं लॅपटॉप पोटाशी धरला होता. लॅपटॉपच्या वायरचं दुसरं टोक माझ्या गाडीच्या सीटखाली गेलं होतं. गाडी उभ्या जागी चालू होती आणि धाप लागल्यासारखी मधेच थांबत, मधेच जोर करत होती. मागच्या सीटवर माझ्या बायकोचं हेल्मेट रबरी दोरीनं बांधलेलं होतं.

"ते काढायचं नाही," मी म्हणालो.

"मग मी बूड कुठं ठेवू? टाकीवर?"

"तू बसायचंच नाही. मी एकटा फिरवून आणतो. तू नंतर बघ तुझ्या यंत्रात काय ते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. हेल्मेटकडं बघितलं. मग किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"आत या. चहा सांगतो."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दस्तगीर मुजावर कोल्हापुरात उद्यमनगरात मोटरसायकलींचं ट्यूनिंग करायचा. शेजारी लेथची दुकानं, समोर कास्टिंगवाले. दिवसभर कुठं ना कुठं लोखंड घासल्याचा आवाज. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होतो आणि नुकताच निवृत्त झालो होतो. माझी बायको वैजयंता त्याच उन्हाळ्यात गेली. आम्हाला मूल नव्हतं. घरात मी, आणि दारात गाडी.

ते दिवस मला धड आठवत नाहीत. लोक बोलायचे ते ऐकू यायचं, पण पलीकडच्या खोलीत बोलताहेत असं वाटायचं. हातात चहाचा कप असायचा आणि तो कोणी दिला ते आठवायचं नाही. जरा जाग यायची ती गाडीवर. गाडी चालू केली की वैजू मागं आहे असं वाटायचं. आहे असं नव्हे, आता बसेल असं. चपला घालतेय, कडी लावतेय, आली. म्हणून मी तिचं हेल्मेट तिच्या जागेवर बांधून ठेवलं होतं. सीट रिकामी दिसली की कोणीही म्हणतं, चौकापर्यंत सोडा. तिच्या जागेवर मी कुणाला बसवणार नव्हतो. तेवढं एक ठरवलं होतं. बाकी काही ठरवायची ताकद नव्हती.

पण गाडी आजारी होती.

कारण वैजूला आवडलेला सायलेन्सर. मूळचा सायलेन्सर काढून तिनं एका दुकानात ऐकलेला मोकळ्या नळीचा बसवून घेतला. त्याचा आवाज मोठा नव्हता, खोल होता. "कुणीतरी गोधडीतनं गुणगुणतंय असं वाटतं," ती म्हणायची. जुन्या गाडीला अशी नळी बसवली की कार्बोरेटरचा स्क्रू जरा पिळायचा, झालं. इंजेक्शनच्या गाडीला स्क्रू नसतो. किती पेट्रोल सोडायचं ते तिच्या आतला कॉम्प्युटर ठरवतो. नळी मोकळी झाली, हवा जास्त जायला लागली, आणि तो बिचारा पेट्रोल पहिल्याइतकंच सोडत राहिला. त्यामुळं गाडी सपाटीला बरी चालायची आणि चढाला अडखळायची. जोर करायची, थांबायची, परत जोर करायची.

तशी ती अडखळली की वैजू मागून पुढं झुकायची. तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला लागायचं, टक. आणि ती तोंडानं आवाज करायची, च्यक च्यक. गाडी चढ चढून गेली की परत मागं टेकून बसायची.

"हे काय करतेस?" मी एकदा विचारलं होतं.

"तिला कळतंय," एवढंच म्हणाली.

पन्हाळ्याच्या वाटेवर, चढ सुरू व्हायच्या अलीकडं, तिचं माहेर. आम्ही महिन्यातून एकदोनदा जायचो. तिच्या आईला भेटायचं, मग गडावर जाऊन यायचं. त्या चढाला ते च्यक च्यक ठरलेलं असायचं. गाडी नीट करून घेऊ म्हणून आम्ही दोघं दस्तगीरकडं येऊनही गेलो होतो. तेवढ्यात तिचं दुखणं निघालं आणि गाडी राहिली.

चहा आला. दस्तगीरनं काउंटरवर कापड अंथरलं आणि तीन वस्तू मांडल्या.

"परत सांगतो. हा छोटा. ह्याला आम्ही फसव्या म्हणतो. गाडीच्या सेन्सरला खोटंच सांगतो, बाहेर लई थंडी हाय, पेट्रोल वाढव. गाडी खुळ्यासारखी विश्वास ठेवती. पण चढाला उताराला एकच खोटं. मी घेऊ देणार नाही."

"आणि हा?"

"हा मधला. ह्यात नकाशा आधीच भरलेला असतो. कुठं किती पेट्रोल, सगळं ठरलेलं. कुठल्या तरी गावात कुणीतरी बनवलाय. बसवला की काम संपलं. आपली हवा, आपला घाट ह्याला माहीत नाही, पण चालतं." तिसऱ्या डबीवर त्यानं बोट ठेवलं. "आणि हा शिकतो. नळीला एक सेन्सर बसवायचा. पेट्रोल कमी पडलं का जास्त झालं ते हा धुरावरनं ओळखतो आणि पुढच्या वेळी सुधारतो. तुमचीच गाडी, तुमचाच रस्ता. फक्त शिकवायला लागतं. सपाटी, चढ, एकटं, डबलसीट. जिथं नेलं नाही ते त्याला येत नाही."

"मधला दे."

"का?"

"बघायला बरा आहे."

"काका, सीटखाली जाणार हाय तो. बघणार कोण?"

डबलसीट हा शब्द मी ऐकला होता, आणि माझं तिथंच ठरलं होतं.

दस्तगीरनं कप खाली ठेवला. "त्या दिवशी तुम्ही बाहेर होता तेव्हा काकींनी शिकणारा सांगितला होता. त्या टायरवर बसल्या होत्या. मी म्हटलं, काकी, मधला घ्या, डोक्याला ताप नाही. तर म्हणाल्या, जो शिकतो तो दे बाबा. सगळं आधीच ठाऊक असलेला एक आमच्या घरात हायच."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे. दुकानाच्या कोपऱ्यात तो टायर होता. त्यावर आता कोणाचा तरी शर्ट वाळत घातला होता.

"बसव शिकणारा," मी म्हणालो. "पण मागं कोणी बसणार नाही."

"बरं."

त्यानं नळीला भोक पाडून सेन्सरची जागा करून घेतली, डबी सीटखाली बसवली आणि मला गाडी दिली. मी ती फिरवत राहिलो. कागलकडं, कारखान्याकडं, नदीकाठानं. ऊसतोड चालू होती. सकाळी धुकं आणि गुऱ्हाळांचा धूर एकमेकांत मिसळायचा आणि रस्ता पुढं थोडाच दिसायचा. त्यातनं गाडी जायची आणि हळूहळू सुधारायची. काल जिथं अडखळली तिथं आज नुसती दचकायची आणि दुसऱ्या दिवशी सरळ जायची. मला वाटायचं, सीटखाली कोणीतरी बसून ऐकतंय. मी वैजूला सांगायचो, बघ, शिकतंय. हेल्मेटच्या आत बोललेलं बाहेर कुणाला ऐकू जात नाही, ते एक बरं असतं.

पन्हाळ्याच्या रस्त्याला मात्र मी गेलो नाही. वैजूचे दिवस झाल्यापासून सासूबाईंकडंच गेलो नव्हतो. त्यांच्यासमोर एकट्यानं उतरायचं धाडस होत नव्हतं.

मग दस्तगीरनं परत वायर लावली. लॅपटॉपवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसले. आडवं इंजिन किती फिरतंय ते, उभं मूठ किती पिळलीय ते. बहुतेक चौकोन हिरवे झाले होते.

"लई भारी शिकवलंय. हे सगळे खाने भरले." त्यानं बोट एका कोपऱ्यात नेलं. "एवढा कोपरा राहिला."

तिथले खाने पांढरे होते.

"तिथं काय असतं?"

"इथं इंजिन दमानं फिरतं आणि मूठ मात्र जास्त पिळलेली असती. म्हणजे चढ आणि डबलसीट. तुम्ही एकटे असला की गाडी ह्या खान्यांत जातच नाही. गरजच पडत नाही." तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "एकटेच चालवणार असला तर हे असेच राहिले तरी काय बिघडत नाही, काका. गाडी तुमच्यापुरती बरी झालीय. इथंच बंद करून देऊ?"

साधा प्रश्न होता. हो म्हणायचं होतं. लेथचा आवाज चालू होता आणि मी त्या पांढऱ्या कोपऱ्याकडं बघत उभा होतो. गाडी माझ्यापुरती बरी झाली होती. हो म्हटलं असतं तर ती कायमची माझ्यापुरती झाली असती.

"नको," मी म्हणालो. "ते पण भर."

"मागं कोणी बसायचं नाही, आणि हे पण भरायचं?"

"हो."

दस्तगीर मागच्या खोलीत गेला आणि खांद्यावर एक धूड घेऊन आला. जुनी जीन पँट होती. पायांची टोकं शिवून आत वाळू भरलेली, कमरेला पट्टा.

"हा आमचा मेव्हणा. कोणी जोडीदार मिळाला नाही की ह्याला बसवतो. बोलत नाही, रुसत नाही, हॉटेल दिसलं की थांबा म्हणत नाही." वाळूचं पोतं त्यानं जवळ ओढलं. "काकींचं वजन किती धरू?"

सगळा जन्म मी वजनकाट्यावर काढला होता. उसाची ट्रॉली लांबून बघून अंदाज सांगायचो आणि काटा माझं ऐकायचा. पण या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. शेवटी शेवटी तिला मी उचलून खिडकीपाशी नेत असे.

"दुखण्याच्या आधीचं सांगा," दस्तगीर हळूच म्हणाला.

मी सांगितलं. त्यानं वाळू वाढवली, पँटची चेन ओढली. वाळू म्हणजे काही माणूस नव्हे, असं मनाला सांगून मी हेल्मेटची दोरी सोडली आणि हेल्मेट माझ्या दंडात अडकवलं. मेव्हण्याचे दोन पाय सीटच्या दोन्ही बाजूंनी लोंबायला लागले. त्यानं पट्टा आवळून बांधला.

"पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबिळाचा चढ घ्या," तो म्हणाला. "त्याच्याशिवाय हे खाने भरायचे नाहीत."

म्हणजे सासुरवाडीवरूनच जायचं होतं.

दुपार होती, पण धुकं पुरतं उठलं नव्हतं. ऊन होतं आणि त्याला धार नव्हती. उसाला तुरे आले होते आणि दोन्ही बाजूंनी ते एकसारखे हलत होते. मागं वजन होतं. किती तरी दिवसांनी मागं वजन होतं. गाडी वळणावर तशीच जड झुकत होती, ब्रेकला तशीच पुढं रेटत होती. मी आरशात बघितलं नाही. न बघता बराच वेळ चाललो आणि एकदा तर म्हणालोसुद्धा, "थंडी वाजतेय का?"

चढाची चाहूल लागली आणि रस्ता जरा वर झाला. मी मूठ पिळली. गाडी अडखळली आणि मागचं ओझं मागं गेलं.

पुढं नाही, मागं. वाळू चढाला मागं कलंडते. पट्टा सरकला, सगळं वजन एका बाजूला आलं, आणि मी कशीबशी गाडी कडेला घेतली. मेव्हणा अर्धा सीटवर, अर्धा रस्त्यावर. एक पाय चाकापाशी. मी त्याला वर ढकलत होतो आणि तो परत परत मागं पडत होता. मला इतका राग आला की मी त्याला एक बुक्की मारली.

बांधायला दोर पाहिजे होता. सासूबाईंचं घर थोडं मागंच, रस्त्याला लागून होतं. मी गाडी हातानं ढकलत तिथं नेली.

सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना मामी म्हणायचो. अंगानं बारीक, पण काटक. मला बघून त्यांनी पदर नीट केला.

"आलासा व्हय, पाव्हणं. मला वाटलं वाट मोडली."

"मामी, जरा दोर पाहिजे होता."

"म्हंजी दोरासाठी आलासा." त्या उठल्या, पायरीवर आल्या आणि थांबल्या. सीटवर तिरकी पडलेली जीन पँट त्यांनी बघितली. बराच वेळ बघितली.

"हे कोण बसवलंय माझ्या लेकीच्या जाग्यावर?"

मी सांगायला लागलो. डबी, सेन्सर, शिकणं, खाने, चढाला मागं वजन पाहिजे. मला स्वतःलाच ते सगळं खुळ्यासारखं वाटत होतं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"वाळू हाय आत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"वाळू चालती. आणि माणूस चालत न्हाई."

मी खाली बघितलं.

"वैजी म्हणायची," त्या पायरीवर टेकल्या, "गाडी धड झाली की तुला यांच्या मागं बसवून गडावर धाडते. सारखं म्हणायची. मी म्हणायची, जावयाच्या मागं? लोकं तोंडात श्याण घालतील. तर म्हणायची, घालू दे, तू हेल्मेट घाल, तोंडच झाकून जातंय."

त्या हसल्या. मग हात पुढं केला. माझ्या दंडातलं हेल्मेट मागत होत्या. मी दिलं. त्यांनी ते उलटं केलं आणि आत तोंड घातलं. तशाच राहिल्या. ओसरीवर कोंबडी शेंगांच्या टरफलांत फिरत होती. लांब कुठंतरी गुऱ्हाळाचं इंजिन चालू होतं.

तोंड वर केलं तेव्हा डोळे कोरडे होते.

"तिच्या डोस्क्याचा वास हाय अजून," त्या म्हणाल्या. "ह्यो बांधून ठिवला होता वाऱ्यावर? उडून गेला असता की."

मला ते सुचलंच नव्हतं.

"त्या वाळूला उतरवा खाली," त्या म्हणाल्या आणि डोक्यावरच्या पदरावरनंच हेल्मेट चढवलं.

"मामी, खरंच येताय? चढ आहे, गाडी अडखळते."

"मी काय ढकलाय लागतीय? चला."

मेव्हण्याला मी ओसरीच्या खांबाला टेकवून बसवलं. सासूबाई सीटवर एका बाजूला बसल्या, पाय जोडून. जावयाला हात लावायचा नाही म्हणून एक हात मागच्या दांडीला आणि एक मांडीवर. आमच्या मधे एक वीत जागा त्यांनी ठेवली. मी गाडी सोडली.

रस्ता चढायला लागला. धुकं झाडांत अडकलेलं होतं आणि वळणावळणाला अंगावर येत होतं. नळीचा आवाज खोल झाला. मी तिसऱ्या गियरवर होतो. वजन होतं, पण वैजूपेक्षा हलकं, आणि ते हलत होतं. वळण आलं की वळत होतं, खड्डा आला की उचलत होतं. जिवंत माणूस मागं असलं की गाडी कशी वेगळी होते ते मी विसरलो होतो.

मग मोठा चढ आला. मी मूठ पिळली, गाडी अडखळली. जोर, थांबणं, परत जोर. गियर उतरवून दुसऱ्यावर यावं म्हणून मी क्लचला हात नेला.

आणि मागून हेल्मेट माझ्या हेल्मेटला लागलं. टक.

"च्यक च्यक," माझ्या कानापाशी आवाज आला. "चल, चल. च्यक."

माझा हात क्लचवर तसाच राहिला. मला मागं बघायचं होतं आणि बघायचं नव्हतं. धुक्यात रस्त्याची कड दिसत नव्हती. किती वेळ गेला सांगता येत नाही. फक्त नळीचं गुणगुणणं आणि तो च्यक च्यक आवाज. गाडीनं एकदा श्वास ओढल्यासारखं केलं आणि ओढायला लागली. मग ती थांबली नाही. चढ संपला तेव्हा मागचं माणूस मागं टेकलं.

मी गाडी थेट गडावर तटाच्या कडेला नेऊन थांबवली. उतरलो. सासूबाई हेल्मेट घातलेल्याच उभ्या होत्या. त्यांनी काच वर केली तर आत त्यांचाच चेहरा होता.

"मामी, ते तुम्ही काय केलंत?"

"काय केलं?"

"पुढं झुकलात. आणि ते च्यक च्यक."

त्या जरा लाजल्या. "सवय वो. आमच्या बाचा छकडा होता. बैल चढाला अडला की बा वरडायचा, पुढं झुका रं सगळी. आपण पुढं झुकायचं आणि च्यक च्यक करायचं."

"झुकल्यानं ओझं कमी होतं?"

"कुठलं होतंय! बैलाला वाटतं कमी झालं. तेवढ्यानं चढतोय की वर." हेल्मेट काढून त्यांनी कडेवर लेकरू घ्यावं तसं घेतलं. "वैजी बारकी असताना माझ्या मांडीवर असायची छकड्यात. मी झुकली की ती पण झुकायची. तिला वाटायचं खेळ हाय."

मी तटावर बसलो. खाली सगळी दरी धुक्यानं भरली होती आणि त्यातनं इकडंतिकडं गुऱ्हाळांचा धूर वर येत होता. इतकी वर्षं मला वाटत होतं ते फक्त तिचं होतं, आणि तिच्याबरोबर संपलं. ते तिच्याआधीपासून होतं. मला नव्या गाडीवर बसवून ती बैल हाकत होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

"तुम्ही रडा," सासूबाई म्हणाल्या. "मी तिकडं तोंड करते."

त्यांनी खरंच तोंड फिरवलं. मी रडलो. उन्हाळ्यापासून रडलो नव्हतो.

उताराला नळीतनं फटफट आवाज यायचा, तो आज आला नाही. त्यांच्या दारात गाडी थांबवली. त्या उतरल्या आणि मी हेल्मेटसाठी हात पुढं केला.

"हे ऱ्हाऊ दे माझ्याकडं," त्या म्हणाल्या.

"मामी..."

"वाऱ्यावर वास जातोय. फडताळात ठेवते." मग म्हणाल्या, "आणि मला वर जायचं आसंल तर तुमच्याकडं दुसरं हाय का? न्हाई. मग मला न्यायला तुम्हाला हितंच याय लागंल."

मेव्हण्याला टाकीवर आडवा घालून मी कोल्हापूरला आलो. मागची सीट मोकळी होती. कोणी चौकापर्यंत सोडा म्हणालं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही. कोणी म्हणालं नाही.

दस्तगीरनं वायर लावली आणि लॅपटॉपवर वाकला. वाकलेलाच राहिला.

"भरले की. सगळा कोपरा हिरवा." मग त्यानं टाकीवरच्या मेव्हण्याकडं बघितलं, मागच्या सीटकडं बघितलं. "हेल्मेट कुठं गेलं, काका? मागं कोण होतं?"

"सासूबाई."

तो हसणार होता, पण हसला नाही. "आता हे असंच कुलूप लावून ठेवू, का शिकत राहू दे?"

"शिकत राहिलं तर हे पुसून जाईल?"

"न्हाई. ज्या खान्यात गाडी परत जात नाही तो आहे तसाच राहतो. तिथं परत गेलात तरच बदलतो."

मी विचार केला. कुलूप लावलं तरी ते खाने राहणार होते, न लावलं तरी राहणार होते. परत गेलो तरच बदलणार होते.

"शिकू दे," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात गेलो. सासूबाई ओसरीवर हेल्मेट घालून बसल्या होत्या, काच खाली ओढलेली. रस्त्यानं जाणारा उसाचा ट्रॅक्टर हळू झाला आणि वरची पोरं वळून बघायला लागली.

"मामी, चहा तरी द्या आधी."

"चहा वर," हेल्मेटच्या आतनं आवाज आला.

त्या बसल्या. मधली वीतभर जागा त्यांनी याही वेळी ठेवली. रस्ता चढायला लागला. मोठा चढ आला, मी मूठ पिळली, आणि गाडी कुठंही न अडखळता सरळ ओढत निघाली. अडखळायची ती जागा कधी मागं गेली ते कळलंसुद्धा नाही.

तरी मागून हेल्मेट लागलं. टक. च्यक च्यक.

मीही जरा पुढं झुकलो.